परक्या देवळातला नमस्कार



कार्तिकी वारी करून परतलो आणि चार दिवसांतच नातवाचा फोन आला. कंपनीच्या कामासाठी तो तीन महिने चीन देशात, शिआन नावाच्या शहरात राहिला होता. हल्लीच्या फोनवर बोलणाऱ्याचे तोंड दिसते आणि त्याच्या पाठीमागचेही दिसते. रविवारची सुटी होती. शहरातली जुनी देवळे पाहायला तो निघाला होता आणि तिथूनच मला एकेक दाखवीत होता. सकाळी त्याने ताओ पंथाचे, आठ सिद्धांच्या नावाचे देऊळ पाहिले. तिथले साधू डोक्यावर अंबाडा बांधतात. अंगणात मोठे धूपदान, आणि त्याच्याभोवती हातात धुपाच्या काड्या घेऊन वाकणारी माणसे. नंतर लामांचा एक विहार, तो १७०५ साली कांगशी बादशहाच्या आज्ञेने बांधलेला. शेवटी विटांचा सात मजली मनोरा, तेराशे वर्षांहून जुना. एका शहरात तीन तऱ्हेची देवस्थाने, आणि माणसे एकातून निघून दुसऱ्यात जात होती.

मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "आबा, एक विचारू का? त्या ताओ देवळात एका म्हातारीनं माझ्यापुढं धुपाच्या तीन काड्या केल्या. मला घेववेनात. गळ्यात माळ आहे ना. मी मान हलवून बाजूला झालो, तर तिचा चेहरा उतरला. घ्यायला पाहिजे होत्या का? तिथं हात जोडले तर आपल्या निष्ठेला बाध येतो का?"

चाळीस-पंचेचाळीस वर्षे कीर्तनाच्या गादीवर उभा राहिलो. कोणी प्रश्न विचारला आणि मी "उद्या सांगतो" म्हणालो, असे फारसे घडले नाही. त्या दिवशी मात्र म्हणालो.

उत्तर नव्हते असे नाही. आपल्या संप्रदायात या प्रश्नाची उत्तरे तोंडपाठ असतात. नामदेवराय विसोबा खेचरांकडे गेले, तर विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडलेले. पाय काढा म्हणताच ते म्हणाले, जिथे देव नाही तिथे तूच उचलून ठेव. नामदेवरायांनी पाय जिथे ठेवावेत तिथे पिंड. आमच्या भागात ही कथा औंढ्या नागनाथाची म्हणून सांगतात आणि औंढा आमच्या बोरीहून फार लांब नाही. दुसरी कथा नरहरी सोनारांची. विठ्ठलाचे तोंड पाहायचे नाही म्हणून डोळ्याला पट्टी बांधून ते करगोट्याचे माप घ्यायला गेले. हाताला लागले ते शंकराचे रूप, आणि पट्टी सोडली तर समोर पांडुरंग. या दोन्ही कथा मी शेकडो वेळा सांगितल्या असतील. त्या दिवशी त्या सांगायला जीभ रेटली नाही. त्याचे कारण १९७८ सालात आहे, आणि ते आजवर कुठे लिहिले नव्हते.

माझा एक बालमित्र आहे. बोरीच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसलो. १९५६ साली बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली, त्यानंतर त्याच्या वडिलांनीही घेतली. मित्र पुढे गवंडी झाला, मी कीर्तनकार. देवाधर्माच्या वाटा वेगळ्या झाल्या तरी त्याला माझ्या आवाजाचे वेड होते. आसपासच्या गावात माझे कीर्तन असले की दिवसभर भिंत बांधून तो रात्री चालत यायचा आणि मंडपाच्या अगदी मागे, खांबाला टेकून बसायचा. कीर्तन संपले की आम्ही दोघे बोलत बोलत घरी यायचो.

१९७८ च्या जुलै महिन्यात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि आपला मराठवाडा पेटला. आमच्या परभणी जिल्ह्यातही दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली. त्याच श्रावणात शेजारच्या एका गावात सप्ताह होता. लोकांची मने तापलेली होती. मी एकोणतीस वर्षांचा, आवाज चढा, टाळ्यांची चटक लागलेली. निरूपणाच्या भरात मी बुद्धाच्या मूर्तीवर एक कोटी केली. ती इथे लिहीत नाही. मंडप खदखदून हसला. मीही हसलो आणि चाल लावली.

त्या रात्री मित्र माझ्यासाठी थांबला नाही. अंधारात एकटाच निघून गेला. दुसऱ्या दिवशी ओट्यावर दिसला, तेव्हा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "या महाराज, बसा." लहानपणापासून अरे-तुरे करणारा माझा मित्र त्या दिवसापासून मला "तुम्ही" म्हणू लागला. लोकांना वाटले, महाराजांचा मान राखतो आहे. मला कळत होते. सत्तेचाळीस वर्षे मी तो मान घेत राहिलो.

नातवाच्या प्रश्नाने हे सगळे वर आले. परक्याच्या देवापुढे कसे उभे राहावे हे मी कोणत्या तोंडाने सांगणार? दुसऱ्या दिवशी मित्राच्या घरी गेलो आणि म्हणालो, "वेरूळला जायचं म्हणतो. तू येशील का संगं?"

त्याने जरा वेळ पाहिले. "दहा नंबरच्या लेण्यात बसणार असाल तर येतो, महाराज. नुसतं कैलास बघून माघारी फिरायचं असलं तर नाही येत."

बुधवारी निघालो, कारण मंगळवारी लेणी बंद असतात. दोघांनीही पंच्याहत्तरी ओलांडलेली, म्हणून एस.टी.त तिकीट लागत नाही. जिंतूर, मंठा, जालना करीत छत्रपती संभाजीनगरला मुक्काम केला आणि सकाळच्या गाडीने वेरूळ गाठले.

वेरूळची मुख्य लेणी चौतीस. दक्षिणेकडची पहिली बारा बौद्धांची, तेरा ते एकोणतीस आपली, आणि तीस ते चौतीस जैनांची. एकाच डोंगराच्या एकाच कड्यात, एकाच काळ्या दगडात, शेजारी शेजारी. मी पूर्वी तीनदा गेलो होतो. तिन्ही वेळा थेट सोळा नंबरच्या कैलासात, आणि तिथून घृष्णेश्वराला. बाकी लेणी बसमधून दिसली तेवढीच. या वेळी मित्राने पहिल्यापासून सुरुवात केली. गुडघे दुखत होते, पण त्याच्या मागे निघालो.

दहावे लेणे म्हणजे विश्वकर्मा. आत गेल्यावर वर पाहिले तर दगडात कोरलेल्या कमानदार फासळ्या, अगदी लाकडी वाशांसारख्या. समोर स्तूप, आणि स्तूपापुढे पाय खाली सोडून बसलेले, उपदेश करणारे भगवान बुद्ध. मित्राने पायातले काढले, गुडघे टेकले आणि त्रिसरण म्हटले. त्याचा आवाज आता थकलेला आहे. पण त्या दालनाचा गुणच असा की शब्द छताला लागतो, भरून येतो आणि उशिरा विरतो. मी आयुष्यभर मंडपात आवाज लावला, पण असे साथ करणारे दालन मला कधी मिळाले नाही.

तो उठला तेव्हा मी त्याला सांगितले, की या लेण्याला सुतार झोपडी म्हणतात. सुतार मंडळी या मूर्तीलाच आपला विश्वकर्मा मानून पूजा करीत आली. तो म्हणाला, "माहीत आहे. हातानं काम करणाऱ्यांनी त्याला आपला म्हणला, त्याचं मला काही वाटत नाही."

मला वाटले, हीच वेळ आहे. मी म्हणालो, "आपल्या जुन्या पंचांगांतून दशावताराच्या चित्रात नवव्या जागी बुद्ध म्हणून विठ्ठलच काढलेला असायचा. संतांनीही पांडुरंगाला बौद्ध अवतार म्हणलंय. म्हणजे तुझा-माझा देव एकच. भांडण कशाचं?"

मनापासून बोललो होतो. हे बोलल्याने जुनी गोष्ट मिटेल असे वाटले होते. तो शांतपणे म्हणाला, "महाराज, बावीस प्रतिज्ञा आम्ही घेतल्यात. बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे असं मी मानणार नाही, ही त्यातलीच एक. तुमच्या घरात तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा. पण माझ्या घरात येऊन, हे तुझं नाही, माझंच आहे, असं म्हणू नका. त्या रात्री तुम्ही हसला होतात. आज हसत नाही एवढंच. पण माझं ऐकून घेतलं नाही ते तेव्हाही आणि आत्ताही."

वाचक माउली, शास्त्राचा अभ्यास पुष्कळ झाला, पण या वाक्यापुढे मला प्रमाण सापडले नाही. सर्वांभूती भगवंत पाहावा ही आपली शिकवण खरीच. पण भगवंत पाहायचा तर समोरच्याचे रूप आहे तसे पाहायला हवे. त्याच्यावर आपलेच चित्र चिकटवले आणि त्यालाच नमस्कार केला, तर तो आपण आपल्यालाच केला.

थोडा वेळ तसाच उभा राहिलो. मग विचारले, "मी इथं डोकं टेकू का?"

"टेका. पण विष्णू म्हणून टेकू नका."

मी चपला काढल्या आणि जमिनीवर डोके टेकले. मनात माझे नाम चालूच होते, कारण ते थांबवणे मला येत नाही. पण त्या मूर्तीला मी कोणाचे नाव दिले नाही. एवढा रिकामा नमस्कार आयुष्यात पहिल्यांदाच केला असेन.

दुपारी कैलासात आलो. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या नावावर हे काम जाते, म्हणजे आठवे शतक. बांधलेले काही नाही, सगळे वरून खाली कोरत आणलेले. अंगण सुमारे २७६ फूट लांब, १५४ फूट रुंद आणि मागचा कडा १०७ फूट उंच. दक्षिणेच्या अंगाला रामायणाचा पट, उत्तरेला महाभारताचा. कैलास हलवणारा रावण पाहताना मी सगळे दुखणे विसरलो. मित्राला कृष्ण याज्ञवल्कींच्या कथाकल्पतरूतली कथा सांगितली. एलू राजाच्या राणीने कळस पाहिल्याशिवाय अन्न घेणार नाही असे व्रत घेतले, तेव्हा पैठणच्या कोकस शिल्पकाराने आधी कळसच कोरला. मित्राने कथा मन लावून ऐकली. गाभाऱ्याच्या पायऱ्यांशी तो थांबला, चपला काढून ठेवल्या आणि म्हणाला, "तुमची काठी द्या इकडं. मी इथं बसतो, तुम्ही दर्शन घेऊन या." त्याने हात जोडले नाहीत आणि मीही आग्रह केला नाही. माझे दर्शन होईपर्यंत तो काठी मांडीवर घेऊन बसला होता.

बाहेर आलो तेव्हा तो गवंड्याच्या नजरेने वर पाहत होता. म्हणाला, "आमच्या कामात ओळंबा चुकला तर वीट काढून परत लावता येती. इथं वरून खाली घाव घालत आलेत. चुकलेला घाव परत भरता येत नाही. केवढं भान ठेवलं असेल ह्या माणसांनी! राजाचं नाव राहिलं, ह्यांचं एकाचंही राहिलं नाही."

सोळाहून बत्तीस नंबरचे लेणे बरेच लांब आहे. इंद्रसभा म्हणतात ते हे. आत महावीर, आणि बाहेर आंब्याच्या झाडाखाली सिंहावर बसलेली अंबिका. मला आमच्या जिंतूरजवळची नेमगिरी आठवली. तिथल्या डोंगरात जैनांच्या गुंफा आहेत आणि पार्श्वनाथाची मोठी मूर्ती आहे. बोरीच्या माणसाला ती घराशेजारची. पण सगळ्या हयातीत मी तिथे एकदाच गेलो, तेही पाहुण्यांना दाखवायला. शेजारी कोण राहतो हे न पाहता आपण सगळ्या विश्वाचे कल्याण मागतो. माउलींनी नेवाशाला ग्रंथ पुरा करून पसायदान मागितले, ते विश्वरूपी देवाकडे. त्या देवाला त्यांनी तिथे कोणते एक नाव दिले नाही. हे मी हजारदा सांगितले असेन, पण त्याचा अर्थ आधी नेमगिरीपर्यंत चालत जाण्याचा आहे, हे वेरूळला कळले.

झाडाखाली बसून आम्ही भाकरी सोडली. तिथे मी त्याच्यापुढे हात जोडले आणि म्हणालो, "अठ्ठ्याहत्तर साली गादीवरून बोललो, ते चुकलं. गादी माझ्या बापाची नव्हती, ती संतांची होती. त्यांच्या जागेवर उभा राहून मी तुझा अपमान केला. मला क्षमा कर."

तो बराच वेळ भाकरी मोडत राहिला. मग म्हणाला, "बोलण्याचं तेवढं नव्हतं. तोंडातून जातं माणसाच्या. पण लोक हसले आणि तू पुढची चाल लावलीस. तवा वाटलं, ह्याला मी खांबापाशी बसलोय ते दिसत नाही." पाणी प्यायला आणि म्हणाला, "चल ऊठ आता, गाडी चुकंल."

"तू" म्हणाला, हे त्याच्या ध्यानात आले की नाही मला माहीत नाही. मी विचारले नाही.

परतीची गाडी खुलताबाद, दौलताबादवरून येते. याच डोंगरात शूलीभंजन आहे, जिथे नाथबाबांनी तप केले असे परंपरा सांगते. याच देवगिरीवर त्यांचे गुरू जनार्दनस्वामी. नाथांनी हिंदू-तुर्क संवाद लिहिला. त्यात दोघेही एकमेकांना कडक बोलतात आणि दोघांचेही बोलणे नाथ पुरते ऐकू देतात. शेवटी समेट होतो, पण तो दोघांचे बोलून झाल्यावर. मी मात्र वेरूळला समेटापासून सुरुवात करायला निघालो होतो.

घरी आल्यावर नातवाने दाखवलेल्या त्या मनोऱ्याविषयी वाचले. शाळेत ज्याला आपण ह्युएनत्संग म्हणून शिकलो, त्या युआन श्वांगाने आपल्या देशातून नेलेले ग्रंथ ठेवण्यासाठी तो ६५२ साली बांधला गेला. हा थोर यात्रेकरू ६४१ च्या सुमारास आपल्या महाराष्ट्रातही आला होता. तेव्हा पुलकेशी राज्य करीत होता. इथे शंभरेक विहार आणि शंभरेक देवांची मंदिरे आहेत, असे त्याने लिहून ठेवले. इथली माणसे उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असेही लिहिले. हे वाचताना मला मित्राची आठवण झाली.

पुढची गोष्ट अशी, की ६४५ साली तो मायदेशी परतल्यावर बादशहाने त्याला ताओ पंथाचा मुख्य ग्रंथ संस्कृतात करायला सांगितले. बादशहाचे घराणे आपले मूळ ताओ पंथाच्या आद्य आचार्यांशी, लाओत्सेंशी, जोडीत असे. सोबत बसलेल्या ताओ पंडितांचे म्हणणे, 'ताओ' या शब्दाला संस्कृतात 'बोधी' म्हणावे. युआन श्वांगाने मानले नाही. तुमच्या शब्दाचा अर्थ वाट, तेव्हा 'मार्ग' हाच शब्द बरोबर. बोधी म्हणजे जाग, ते वेगळे, असे त्याचे म्हणणे. त्याचे मन ताओ पंथाविषयी फार मऊ होते असे नाही, आपल्या धर्माची राखण हाही त्यात भाग होता. तरी मला तो न्याय पटला. सगळे एकच आहे म्हणून एकाचे नाव दुसऱ्याला लावून टाकणे सोपे असते. ज्याचा शब्द त्याला द्यावा, यात शब्दाचाही मान राहतो आणि माणसाचाही. आणि 'मार्ग' हा शब्द तर वारकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही.

मग नातवाला फोन केला. म्हणालो, "बाळा, उशीर झाला, पण ऐक. ती काडी घ्यायची. म्हातारी जिथं लावते तिथं लावायची, जशी वाकते तसं वाकायचं. त्यानं माळेला काही होत नाही. माळ कोणाकडं पाठ फिरवायला घातलेली नाही. मनात आपलं नाम चालू ठेव, एकादशी सोडू नको. पण तिथं कोणाला, हा आमचाच देव आहे, असं सांगत बसू नको. आपण त्यांच्या घरी पाहुणे. पाहुण्यानं वाढलेलं खावं आणि भांड्यांची नावं बदलू नयेत."

काही थोर फडकरी मंडळींना हे पटणार नाही, याची मला जाणीव आहे. अनन्यता म्हणजे दुसरीकडे हात न जोडणे, असे मानणाऱ्यांच्या निष्ठेला माझा नमस्कार. माझ्या मित्राने कैलासात हात जोडले नाहीत. त्याची निष्ठाही मला तेवढीच वंद्य वाटली. हात जोडावेत की नाही हा ज्याचा त्याचा नेम. पण हसू नये, आणि ताबा सांगू नये, एवढे दोघांनाही पाळता येते. आज गादीवर उभ्या राहणाऱ्या तरुण कीर्तनकारांना माझे हात जोडून सांगणे आहे: बोलताना मंडपाच्या शेवटच्या खांबाकडे एकदा पाहत जा.

गेल्या एकादशीला बोरीत एका तरुण महाराजांचे कीर्तन होते. मी पुढे बसलो होतो. मधेच मागे वळून पाहिले, तर मित्र खांबाला टेकून बसलेला. संपल्यावर विचारले, "कसं झालं कीर्तन?" म्हणाला, "गळा तुझ्याइतका नाही. पण पोरगं चांगलं बोललं." आणि आम्ही दोघे बोलत बोलत घरी आलो.